अळूला आंबाडा, काकडीला मीठ

मृगाचा पाऊस पडून आठवडाही होत नाही, तोच डिचोलीच्या बुधवारच्या आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जमिनीवर गोणपाट अंथरून हिरव्या जुड्या मांडल्या जातात. सगळ्यांत आधी तायकिळा, म्हणजे टाकळा. मग तेरं, म्हणजे रानअळू. पुढे फागलां, म्हणजे करटोली, आणि बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना गोव्यात किल्ल म्हणतात. पेडणे आणि डिचोलीच्या डोंगरउतारावरच्या गावांतून या भाज्या घेऊन बायका येतात. भाव ठरला की जुडीबरोबर कृतीही फुकट मिळते. तेरं घेणाऱ्या नवख्या गिऱ्हाइकाला हमखास सांगितलं जातं, "आंबाडे घाल गो, ना जाल्यार खाज येतली." त्याच पाटीत बाजूला पावसाळी काकडी असते. तिच्यासाठी कोणी कृती सांगत नाही. शेजारी उभं असलेलं पोर ती तिथेच कडाकडा चावून खातं.

कुठली भाजी कच्ची चालते आणि कुठली नाही, हे या बायकांना पाठ आहे. आता हा प्रश्न नव्याने विचारला जातोय, कारण खाण्याच्या नव्या सवयी घरात आल्या. सकाळी रिकाम्या पोटी दुधीचा रस, दुपारी वाडगाभर सॅलड, कुणी सांगितलं म्हणून मोड आलेली कडधान्यं. एका गटाचं म्हणणं, शिजवलं की सगळं सत्त्व गेलं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, पावसाळ्यात कच्चं काही तोंडातच घालू नये. दोन्ही गट तीन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. काही भाज्यांत मुळातच विष असतं आणि ते शिजवल्याने जातं. काहींत असं विष असतं, जे तासभर उकळूनही जात नाही. आणि काही भाज्या स्वतः अगदी निरुपद्रवी असतात. धोका त्यांच्यावर बसलेल्या घाणीचा असतो.

तेऱ्यापासून सुरुवात करू, कारण गोव्याच्या स्वयंपाकाने सगळ्यांत जास्त अक्कल तिथे खर्च केली आहे. अळूच्या पानात, देठात आणि कंदात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुड्याजुड्यांनी साठवलेले असतात. दोन्ही टोकांना टोकदार, आणि इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. कच्चं पान चावलं की पेशी फुटतात आणि या सुया जिभेत, टाळ्यात, घशात रुततात. पण नुसत्या टोचण्याने एवढी आग होत नाही. सुयांसोबत प्रथिनं तोडणारी विकरंही असतात आणि सुयांनी पाडलेल्या भोकांतून ती आत शिरतात. २०१४ साली जपानी संशोधकांनी हे एका साध्या प्रयोगाने दाखवलं. किवी फळातही असेच स्फटिक असतात. ते काढून एरंडाच्या काही पानांना लावले, काही पानांना नुसतं विकर लावलं आणि काहींना दोन्ही. ही पानं एरंडावर जगणाऱ्या रेशीमकिड्याच्या अळ्यांना दिली. नुसते स्फटिक किंवा नुसतं विकर खाऊन अळ्यांचं फारसं बिघडलं नाही. दोन्ही एकत्र पोटात गेले, तेव्हा मात्र त्या मेल्या.

यावरून तेऱ्याच्या कृतीतली एक समजूत तपासून घ्यायला हवी. आंबाडा, चिंच, आमसूल किंवा बिंबली घातली की आंबटाने सुया विरघळतात, असं सर्रास सांगितलं जातं. कॅल्शियम ऑक्झलेट इतक्या सौम्य आम्लात विरघळत नाही. अळूच्या शिजलेल्या फदफद्यातही सुया असतातच. उष्णतेने निकामी होतं ते त्यांच्याबरोबरचं प्रथिन, आणि आंबट त्याला हातभार लावतं. म्हणून आंबाडे भरपूर घातले पण घाईघाईने गॅस बंद केला, तर घसा खवखवायचा तो खवखवतोच. आंबट हवंच, पण खरं काम चुलीवरचा वेळ करतो. आमच्याकडे तेरं कापताना हाताला खोबरेल लावतात, तेही याच सुयांसाठी. सुरण आणि रानातली लुती ही त्याच कुळातली, त्यांचाही न्याय हाच. जाता जाता एक सांगायला हवं: बाल्कनीत शोभेसाठी ठेवलेलं मोठ्या ठिपकेदार पानांचं डिफेनबाखिया हेही अळूच्याच कुळातलं. रांगत्या मुलाने त्याचं पान चावलं तर जीभ सुजून गिळणंही कठीण होतं. शेतातल्या अळूला सगळे जपतात, घरातल्या या पाहुण्याला कोणी विचारत नाही.

ऑक्झलेटचा दुसरा भाग पाण्यात विरघळणारा असतो आणि मुतखडा होणाऱ्यांना त्याची काळजी. पालक, बीट, तांबडी भाजी यांत तो बराच असतो. भाजी उकळून पाणी ओतून दिलं, तर विरघळणारं ऑक्झलेट ३० ते ८७ टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं २००५ मधल्या एका अभ्यासात आढळलं. ज्यांना खडे झाले आहेत त्यांनी कच्च्या पालकाचे हिरवे रस पिऊ नयेत. बाकीच्यांनी तांबडी भाजी खोबरं घालून जेवढी खायची तेवढी खुशाल खावी.

किल्लाचं विष वेगळं. बांबूच्या कोवळ्या कोंबात टॅक्सिफायलिन नावाचं द्रव्य असतं. कोंब चिरला, चावला की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. घरोघरची पद्धत अशी की कोंबाची वरची सालं काढून आतला गाभा बारीक चिरायचा, रात्रभर पाण्यात ठेवायचा, ते पाणी फेकायचं, मग उकळायचा. रसायनशास्त्राला या पद्धतीत एकही पायरी जास्तीची वाटणार नाही. बारीक चिरल्याने विष सुटायला वाट मिळते, पाण्यात ते उतरतं आणि राहिलेलं आचेवर उडून जातं. हायड्रोजन सायनाइड साधारण २६ अंश सेल्सियसलाच उकळतं, म्हणजे गोव्यातल्या एखाद्या उन्हाळी दुपारपेक्षाही कमी तापमानाला. म्हणून पातेल्यावर झाकण न ठेवता उकळायचं. टॅपिओकाच्या कंदाची गोष्टही हीच. करांदे मात्र वेगळ्या विषाचे. कडू करांद्यातली द्रव्यं यकृताला मारक, म्हणून तो मीठ घालून उकडायचा आणि पाणी टाकून द्यायचं. कच्चा चाखून बघायचा नाही.

आता आंबटाकडे परत येऊ, कारण तिथेच एक नवा घोटाळा झाला आहे. बिंबलीचं झाड पेडणे-डिचोलीत परसापरसांत आहे. माशाच्या आमटीत चारदोन बिंबल्या पडतात, शाळेतून आलेली मुलं मिठाबरोबर एखादी चघळतात. त्याने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. पण याच फळाचा गाळून काढलेला रस पेला पेला पिणं ही गोष्ट वेगळी. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी असा रस प्यायलेल्या केरळमधल्या दहा जणांची मूत्रपिंडं अचानक बंद पडल्याची नोंद २०१३ साली भारतीय मूत्रपिंडतज्ज्ञांच्या नियतकालिकात आली. बहुतेकांना डायलिसिसवर ठेवावं लागलं. रसातलं विरघळलेलं ऑक्झलेट थेट मूत्रपिंडात जाऊन बसलं होतं. फळ तेच, झाड तेच. बदललं होतं प्रमाण.

बिंबलीची सख्खी बहीण करमल. गार्सिया द ऑर्ताने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात करमलाचा उल्लेख आहे, म्हणजे या फळाची आणि आपली ओळख जुनी. पण ज्याची मूत्रपिंडं आधीच अधू आहेत त्याला करमलाच्या थोड्या फोडीही भारी पडू शकतात: न थांबणारी उचकी, भ्रम, झटके. यामागचं मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये वेगळं काढलं आणि त्याला कॅरम्बॉक्सिन नाव दिलं. निरोगी मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, अधू मूत्रपिंडांना ते जमत नाही. डायलिसिस चालू असलेल्या माणसाच्या घरात करमलाचं लोणचं, सरबत किंवा फोड काहीही त्याच्या पानात वाढू नये.

हे झालं शिजवल्याने किंवा प्रमाणाने आटोक्यात येणारं. कडूची गोष्ट अशी नाही.

काकडी, दुधी, दोडका, घोसाळं, चिबूड, भोपळा हे सगळे एका कुळातले. या कुळाच्या रानटी पूर्वजांत कुकर्बिटॅसिन नावाची अतिकडू द्रव्यं असतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड फळाचं बी राखून ती काढून टाकली, पण मुळातून नाही. वेलीला पाण्याचा ताण बसला, कडक उन्हाने ती होरपळली किंवा राखलेल्या बियाण्यात रानवेलीचा परागकण मिसळला, की कडूपण परत येतं. काकडीचं देठाकडचं टोक कापून दोन्ही भाग एकमेकांवर घासून फेस काढण्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. त्या घासण्यावर माझा फारसा विश्वास नाही. टोक कापून फेकणं मात्र शहाणपणाचं, कारण कडूपण देठाकडेच जास्त असतं. त्यानंतरही काकडी कडू लागली तर ती गुरांनाही घालू नये.

दुधीचं प्रकरण जास्त गंभीर. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका वैज्ञानिकाचा मृत्यू झाला, तेव्हा देशभर खळबळ उडाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने असे अनेक रुग्ण तपासून सांगितलं की कडू रस अजिबात पिऊ नये, दुसऱ्या रसात मिसळून त्याचं कडूपण लपवू नये आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, पोटात कळा किंवा रक्ताची उलटी झाली तर ताबडतोब रुग्णालय गाठावं. या विषावर उतारा नाही. सलाइन आणि आधाराचे उपचार एवढंच हाती असतं. शिजवूनही ते जात नाही. जर्मनीतल्या हायडेनहाइम गावात २०१५ मध्ये शेजाऱ्याच्या बागेतल्या कडू झुकिनीची शिजवलेली भाजी खाऊन एक ७९ वर्षांचे गृहस्थ दगावले. कडू लागूनही त्यांनी ती संपवली होती. आपल्याकडेही "कडू ते औषध" या समजुतीने माणसं नाक दाबून पेला संपवतात. कारल्याचं कडूपण त्याच्या जातीचं आहे, ते खावं. दुधी कडू लागला तर ती धोक्याची सूचना.

चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीत याच कुळातलं लालबुंद कवंडळ टांगलेलं असतं. माटोळी म्हणजे रानातल्या आणि कुळागरातल्या वनस्पतींचा एक वार्षिक परिचय, असं मी मानतो. पण त्यात खाण्याची फळं आणि न खाण्याची फळं एकाच दोरीला असतात. कवंडळ खायचं नसतं. हे पूर्वी मुलांना कोणीतरी सांगायचं. आता पणजीच्या सदनिकेत विकत आणलेली माटोळी लागते तेव्हा सांगणारा माणूस घरात असेलच असं नाही.

तायकिळ्याची भाजी फणसाच्या बिया आणि खोबरं घालून करतात. कोवळी पानं, शिजवून, पावसाच्या सुरुवातीला. तिच्याबद्दल काळजी नाही. काळजी आहे ती तिच्यासारख्या दिसणाऱ्या कासविंद्याची. दोघंही रस्त्याच्या कडेला, माळावर, पडीक जागेत शेजारी शेजारी उगवतात. तायकिळ्याच्या पर्णिका टोकाला गोलसर, बहुधा तीन जोड्या, आणि रात्री मिटणाऱ्या. कासविंद्याच्या टोकदार, जोड्या त्याहून जास्त असू शकतात, आणि पान चुरगाळलं की उग्र वास येतो. तायकिळ्याची शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकडी. कासविंद्याची चपटी, मधे तपकिरी पट्टा आणि कडा फिकट. हा फरक लक्षात ठेवण्याचं कारण असं: उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात लहान मुलांना दरवर्षी होणारा आणि मेंदूज्वर समजला जाणारा जीवघेणा आजार कासविंद्याच्या बिया खाण्यामुळे होतो, हे बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. २०१६ मध्ये ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात शंभराच्या आसपास मुलं गेली, तेव्हा डॉ. टी. जेकब जॉन यांच्या समितीनेही याच बियांकडे बोट दाखवलं. खेळता खेळता मुलं हिरव्या शेंगा सोलून खातात. यकृत, स्नायू आणि मेंदू एकदमच बिघडतात.

कळलावीचा कंदही असाच फसवा. पावसात तिची लाल-पिवळी फुलं कुंपणावर सुंदर दिसतात, पण जमिनीखालच्या कंदात कोल्चिसिन असतं आणि उकळून ते जात नाही. श्रीलंकेत रताळ्याच्या भ्रमात हा कंद खाऊन माणसं मेल्याच्या नोंदी आहेत. रानातला कंद ओळखणारा माणूस सोबत नसेल तर तो खणूच नये.

कडधान्यांत सगळ्यांत दांडगा राजमा. कच्चे चारपाच दाणेही उलट्या-जुलाब करायला पुरे होतात, कारण त्यातलं लेक्टिन आतड्याला चिकटतं. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट, तेव्हा भिजवून, पाणी बदलून, चांगला खळखळ उकळायचा. मुगाला ही भीती नाही. तरी गोव्यात मोड आलेल्या मुगाची मुगागाठी शिजवूनच करतात, आणि मोडांच्या बाबतीत हेच बरोबर. मोड यायला लागते ती ओल आणि ऊब, आणि जिवाणूंनाही नेमकी तीच लागते. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय जिवाणूची साथ पसरली. ३,८०० हून जास्त लोक आजारी पडले आणि ५० हून जास्त मेले. बियाणं इजिप्तहून आलेलं होतं. मोड जगातल्या सगळ्यांत पौष्टिक गोष्टींपैकी असतील, पण वाफ दाखवून खाल्ल्याने फार काही बिघडत नाही.

आता घाण. "कोबीतला किडा मेंदूत जातो" ही भीती घराघरांत आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. कोबीत दिसणारी हिरवी अळी निरुपद्रवी असते. ती पोटात गेली तरी पचून जाते. मेंदूत जाते ती डुकरातल्या पट्टकृमीची अळीअवस्था. हा कृमी माणसाच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात, डुक्कर ती खातं आणि त्याच्या मांसात गाठी होतात. अर्धकच्चं मांस खाल्लं की कृमी पुन्हा माणसाच्या पोटात. पण तीच अंडी शेतातल्या पाण्यातून कच्च्या भाजीवर किंवा न धुतलेल्या हाताने अन्नावर आली आणि माणसाने गिळली, तर गाठी माणसाच्याच मेंदूत होतात आणि फिट्स येतात. म्हणून जन्मात डुकराचं मांस न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो. गोव्यात पूर्वी गावोगाव डुकरांवर चालणारे संडास होते. हे चक्र तिथे सगळं आयतंच होतं. ते संडास गेले, ही आरोग्याच्या दृष्टीने या भूमीतली एक मोठी सुधारणा म्हटली पाहिजे.

पण आपण खातो ती बरीचशी भाजी या भूमीतली नसते. कोबी, गाजर, टोमॅटो, कोथिंबीर बेळगावाहून घाट उतरून येतात, फलोत्पादन महामंडळाच्या हिरव्या गाड्यांवरही तीच असतात. तिला कुठलं पाणी दिलं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पण म्हणून गावातल्या मळ्यातली भाजी आपोआप स्वच्छ ठरत नाही. तिळारीच्या कालव्याचं पाणी असो की ओहळाचं, वर कुणी तरी राहतंच. कृमीच्या अंड्यांवर मीठ, व्हिनेगर किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्याचा भरवसा धरता येत नाही. पानं सुटी करून, वाहत्या पाण्याखाली एकेक चोळून धुणं, कोबीची बाहेरची दोनचार पानं काढून टाकणं आणि गाजर-मुळा सोलणं हेच कामाला येतं. पाणी मात्र पिण्याचं हवं. पावसाळ्यात विहीर गढूळ झाली असेल तर त्या पाण्याने धुतलेली कोथिंबीर न धुतलेलीपेक्षा वाईट.

एवढं सगळं वाचून कोशिंबीर बंद करायचं कारण नाही. काकडी, टोमॅटो, गाजर, मुळा, कांदा, बीट, कोवळी भेंडी नीट धुऊन कच्ची खावी. क जीवनसत्त्व आचेने नासतं, ते कच्च्यात टिकतं. उलट गाजरातलं कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन शिजवल्यावर, त्यातही थोड्या तेलात, जास्त मिळतं. कोबी कच्चा चालतो, पण जेवणात तोंडी लावण्यापुरता: २०१० मध्ये अमेरिकेत रोज किलो-दीड किलो कच्चा पाक चोय, म्हणजे चिनी कोबीचा भाऊ, महिनोन्‌महिने खाणारी एक ८८ वर्षांची बाई थायरॉइड पार थंडावून अतिदक्षता विभागात पोचल्याची नोंद आहे. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि केमोथेरपी घेणारे यांनी पावसाचे चार महिने पालेभाजी शिजवूनच खावी, हा माझा आग्रह.

रानभाजी विकत घेताना विकणाऱ्या बाईला कृती विचारा, आणि ती सांगेल ती पायरी गाळू नका. कडू दुधी किंवा काकडीचा पहिला घास लागला की थुंका. अनोळखी पान, शेंग किंवा कंद खाऊन कुणाला उलट्या, घशाला सूज किंवा गुंगी आली, तर घरगुती उतारे करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि जे खाल्लं त्याचा उरलेला तुकडा, पानासकट, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. काय खाल्लं हे त्यांना कळलं, तर उपचार तिथेच सुरू होतात.